वाऱ्यावर

रविवारी अकराच्या सुमारास ओटाक्रिंगच्या त्या इमारतीत
भिंतीभिंतींतून ठोकण्याचे आवाज येतात.
कुणी खिळे मारत नसतं.
जो तो आपापल्या ओट्यावर
वासराचं मांस ठोकून पातळ करत असतो.
बाबा डोळे मिटून सांगतात:
वरच्या मजल्यावर हातोडी जड पडतेय,
फ्राउ हावलिचेक मात्र बरोबर ठोकते,
मधून कडेला.

एक्केचाळीस वर्षं एकाच खाणावळीत
ते श्निट्झेल तळत होते.

एअर फ्रायर मीच आणला, डिसेंबरात,
त्यांच्या मनगटावर फोड आले तेव्हा.
उकळतं तूप
थरथरत्या हाताची गय करत नाही.
खोकं उघडून त्यांनी ते पोट सुटलेलं यंत्र पाहिलं,
म्हणाले, एल्फी,
इतकं चांगलं मांस वाऱ्यावर सोडायचं?

दोन महिने त्यावर पावाची पिशवी होती.

आज स्वतःच मांडामांड केली.
तीन पसरट ताटल्या. पीठ. अंडं. चुरा,
कालच्या शिळ्या पावाचा, घरीच किसलेला.
दाबू नकोस, म्हणाले,
चुरा अंगावर सैल घालायचा,
उन्हाळ्यातल्या सदऱ्यासारखा.
मग ब्रश तुपात बुडवून वर धरला
आणि हात आपोआपच शिंपडत राहिला,
इकडे, तिकडे, सगळीकडे सारखं.
आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही.

टोपली लहान.
खाणावळीत श्निट्झेल ताटाबाहेर लोंबायचं,
तीच तर खाणावळीची अब्रू.
त्यांनी सुरी उचलली, ठेवली.
अर्धं नाही करणार.
लहान ठोकू. एका वेळी एक.

दोनशे अंश, नऊ मिनिटं.
तडतड नाही, चुरचुर नाही,
नुसती घरघर.
फ्यॉन, बाबा म्हणाले.
टिरोलमध्ये त्यांच्या लहानपणी
डोंगरावरून तो कोरडा, ऊन वारा उतरायचा,
आई कपाळाला ओला रुमाल बांधून बसायची,
गायी पान्हा चोरायच्या,
भाऊ भावाशी भांडायचा.
तेव्हा डोकी तापायची. आता हे तापतंय.
हसले.
मग काय करावं त्यांना सुचेना.

तवा असता तर झुलवत राहिले असते,
तूप लाटेसारखं वरून यायला हवं,
क्षणभर नजर हलवून चालत नाही.
म्हणून मला त्यांची पाठ पाठ आहे.
रविवारी खाणावळीत ही गर्दी,
मी मागच्या दाराशी बिअरच्या पालथ्या खोक्यावर जेवायची.
ते न वळता विचारायचे,
कुरकुरीत आहे ना?
आणि मी मान हलवायची,
तोंड भरलेलं असायचं म्हणून.

आज हात मोकळे.
इकडे तिकडे पाहून त्यांनी खुर्ची ओढली
आणि समोर बसले,
परक्या घरी बसावं तसे, कडेवर.

पहिलं माझ्या ताटात पडलं.
मधे गव्हाळ, कडेला फिकट,
एक कोपरा चक्क कोरडा,
आणि कवच फुगायला हवं तेवढं फुगलं नव्हतं.
त्यांनी त्यावर टकटक केली, दारावर करावी तशी.
दुसरं आत गेलं.
तुमचं होईपर्यंत थांबते, मी म्हटलं.
गार करू नकोस. खा.

पहिल्याच घासाला जीभ पोळली.
दुसरा उचलला तर ते टेबलावरून वाकले
आणि काट्यावर फुंकर घातली,
बावन्न वर्षांच्या बाईच्या काट्यावर.
यंत्राची घरघर चालूच होती.

कुरकुरीत आहे ना?

मी मान हलवली.
त्यांनी पाहिली.

भिंतीपलीकडे फ्राउ हावलिचेकच्या तव्यात
तूप तडतडायला लागलं.
बाबांचा कान तिकडे गेला, थोडा वेळ तिथेच राहिला.
मग ते उठले आणि लिंबू शोधू लागले,
जे आणायला
आम्ही दोघंही विसरलो होतो.