जास्तीचे चार दिवस

त्या गुरुवारी माझ्या टेबलावर दोन प्रिचर्ड होते.
एक ओवेन, एक ओवाइन.
आमच्या वेल्समध्ये नावांचं असंच,
मूठभर नावं, तीच सगळ्यांनी पुरवून पुरवून वापरायची,
थोरल्याचा कोट धाकट्याला यावा तशी.

वीस वर्षं मी शिक्षेतून दिवस वजा करते.
खटल्याआधीच्या कोठडीचे इतके, वागणुकीचे इतके,
लीप वर्षातला एक विसरायचा नाही.
हातचा कधी चुकला नव्हता.

त्या सकाळी चहा सांडला होता,
बाहेर कुणीतरी रस्त्यावरच्या बर्फावर मीठ टाकत होतं,
आणि मी शिक्का मारला.
यातलं काहीच कारण म्हणून पुरत नाही.
चौकशीत मी तेच सांगितलं.

ओवेनचे अजून चारशे बारा दिवस उरले होते.
त्याला फाटकापाशीच कळलं असणार.
"नक्की मीच ना?" त्यानं विचारलं म्हणे,
आणि ह्यू, ज्याला दुपारी रग्बीची मॅच बघायची होती,
म्हणाला, चल रे बाबा, वारा आत येतोय.

संध्याकाळी बोंब झाली.
टीव्हीवर त्याचा जुना दाढीवाला फोटो,
शाळांना सूचना,
पोलिसांची कुत्री किनाऱ्यावर भरतीचं पाणी हुंगत.
आणि तो बहिणीकडे, लानेल्लीला.
भाचीच्या सायकलची साखळी बसवली,
तीन रात्री सोफ्यावर झोपला, दिवा चालू ठेवून;
काळोखात झोपायची सवय मोडली होती.
रविवारी बसनं आपणच परत आला,
एकेरी तिकीट काढून.
फाटकावरच्या नव्या पोरानं यादी बघितली,
"आज भेटीचा वार नाही."
अर्धा तास गारठ्यात उभा राहून
तो पटवत होता, मला आत घ्या.

यावर सगळे हसले. वर्तमानपत्रंही.
खरं सांगते, मीही हसले.

सोमवारी दुसरी फाईल माझ्याकडे परत आली.

ओवाइन प्रिचर्ड, सी विंग, खोली चौदा.
गुरुवारी पहाटे त्यानं चादरींची घडी घातली,
रेडिओ शेजारच्याला देऊन टाकला,
आणि बूट घालून बसला.
शुक्रवारीही बूट घालूनच.
त्याचा कागद आता चौकशीच्या पाकिटात सीलबंद,
आणि वरची सही झाल्याशिवाय कुणालाच सोडायचं नाही, असा हुकूम.
शनिवारी त्याला रेडिओ परत मागायची लाज वाटली.
गुरुवारी त्याचा बाप रस्त्यापलीकडे गाडीत बसला होता,
थर्मास रिकामा होईपर्यंत.
मग आत येऊन त्यानं विचारलं.
"प्रिचर्ड? तो सकाळीच गेला."
म्हातारा म्हणाला, बरं.
मुलगा आपल्याला टाळून गेला, असं धरून
सत्तर मैल एकटाच गाडी हाकत घरी गेला.
आमच्यातल्या कुणी त्याला फोन केला नाही.
करायचं कुणाच्या कामात लिहिलेलं नव्हतं.

ओवाइन सहीला माझ्या खिडकीशी आला.
मी म्हटलं, नाव नीट वाचून घ्या.
त्यानं वाचलं, एकेका अक्षरावर बोट ठेवत,
पहिलीतल्या मुलासारखं.
चिडला असता तर बरं झालं असतं.
पेन परत देताना म्हणाला, थँक्यू.

अकरा दहाची बस निघून गेली होती.
पुढची दीडला.
मी काचेतून बघत होते.
आमच्या फाटकासमोर बसायला बाक नाही.