उकळीचा हिशेब

मुर्गाबला पाणी अठ्ठ्याऐंशीला उकळतं,
आकबैतालच्या खिंडीत पंच्याऐंशीलाच.
इथे याकचं मांस दिवसभर रटरटलं
तरी दाताला चिवट लागतं,
आणि चढावरच्या ट्रकचं पाणी
उगाचच उतू जातं.

ओर्मोनबेक एकदा असाच अडकला, खिंडीत, रात्रभर.
गालावर वाफेचा चट्टा घेऊन परतला
आणि त्याच दुपारी थर्मोस्टॅट उपटून
त्याने गॅरेजच्या मागे भिरकावला.
"पाण्याच्या वाटेत दार हवंच कशाला?"
कोणी उत्तर दिलं नाही. सहा हिवाळे.

त्यानंतर त्याचा कामाझ उकळला नाही, हे खरं.
पण धड तापलाही नाही.
पांढरा धूर, तेलात काळा गाळ,
रेडिएटरवर बांधलेली जुनी रजई,
आणि हा नमद्यात पाय गुंडाळून
ओशपर्यंत गाडी हाकणार.

डिझेलची उधारी वहीत मी लिहिते,
म्हणून मला दिसलं:
शंभर किलोमीटरला अडतीस लिटर.
शेजारच्या तशाच गाडीला चौतीस.
चार लिटर रोज कुठे जातात?
थंड लोखंड ऊब करण्यात.

उस्ताद मामादरिझो म्हणाले, "झेवर, झाकण आण."
मी रेडिएटरचं झाकण उलटं केलं:
रबरी चकती पापुद्र्यासारखी तडकलेली.
झाकण दाब धरेना,
म्हणून पाणी धीर धरेना.
दोष एवढाच.
दाराला उगाच सहा वर्षं शिक्षा.

नवी चकती कापली ट्यूबच्या रबरातून, दोनदा चुकले.
नवा थर्मोस्टॅट बसवताना नीट पाहिला:
पितळी डबीत चिमूटभर मेण.
ऐंशीपर्यंत मुकाट,
मग वितळतं, फुगतं, दांडा पुढे सारतं.
कोणाला विचारत नाही.

तरीही, उस्ताद म्हणतात,
लिटरभर जळलं तर चाकापर्यंत
जेमतेम तिसरा हिस्सा पोचतो.
बाकीचं पाण्यात, धुरात,
थोडं आपल्या चहाच्या किटलीखाली.
ती आम्ही मॅनिफोल्डवरच ठेवतो.

नवव्या दिवशी ओर्मोनबेक ओशहून आला.
खाली उतरला नाही. काच खाली करून म्हणाला,
"पाय भाजतात."
आणि गेला.

सकाळी दारात एक डबा होता,
अर्ध्याहून कमी भरलेला. डिझेल.
ही रक्कम कुठल्या रकान्यात लिहायची
ते वहीत छापलेलं नाही.
उस्ताद म्हणाले, शेगडीत घाल.
अजून घातलं नाही मी.