खर्जाच्या खाली

मिरजेत समुद्र नाही.
कृष्णा आहे, तीही मे महिन्यात घोट्याएवढी,
आणि जंक्शनच्या यार्डात रात्रभर
मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळतात.
तरी गेल्या दिवाळीपासून
माझ्या दुकानाच्या माळ्यावर समुद्र येतो,
एसटीच्या पार्सलने,
नखाएवढ्या कार्डांत.

सफुरा कार्ड लावते, हेडफोन चढवते,
मग जेवायला हाक मारली तरी नाही.
देवगडच्या पुढे, वीस वाव पाण्यात
आनाजी तांडेलाने बांधून सोडलेला एक कान आहे म्हणे.
त्याने जे ऐकलं ते सगळं
हिने परत ऐकायचं.
पगार तासावर.

पडद्यावर निळ्या-हिरव्या रेघा सरकतात.
ती एकेकीला नाव देते:
होडी. होडी. मोठं जहाज.
कोळंबी, तेलात मोहरी तडतडावी तशी, अख्खी रात्र.
पाऊस, खालून ऐकलेला.
पुन्हा जहाज.
माहीत नाही.
हाही एक रकाना असतो, अब्बा, म्हणाली.
मला तो आवडला.

ज्याला शोधतात तो देवमासा
या समुद्रात शंभरही उरला नसेल.
बाकीच्या समुद्रांतले त्याचे भाऊबंद
ध्रुवापर्यंत जाऊन येतात,
हा कुठे जात नाही.
इथलंच खातो, इथेच गातो,
इथल्याच जाळ्यांत अडकतो.
मी पुढ्यातल्या भोपळ्याकडे पाहिलं.
आमच्या गल्लीत जवारी काढणारे हात किती राहिले
ते मी मोजत नाही. मोजलं की कमी होतात.

चार महिने काही नाही.
अकराशे सहा तास नुसत्या होड्या आणि मोहरी.
ती वैतागली नाही, मीच वैतागलो.
म्हटलं, दे इकडे, या कानांनी
मुलखाचे तंबोरे लावलेत.

कोळंबी ऐकू येतेय ना? तिने विचारलं.
मी हो म्हटलं,
पण जरा उशिरा.

तिला कळलं.
दोन वर्षं लपवलं होतं मी.
वरचे सूर गेलेत.
कुकरच्या शिट्टीला मान हलवतो ती वाफ दिसते म्हणून.
जवारी कानाने नाही, अंगठ्याने काढतो आता,
तारेखाली दोरा सरकवताना
घोडी कशी शहारते, त्यावरून.
गिऱ्हाईक डोळे मिटून वाहवा म्हणतं.
मी त्याचे ओठ बघतो.

ती काही बोलली नाही. खाली जाऊन कांदा चिरू लागली.

मग फेब्रुवारीत एकदा, यार्डही झोपल्यावर,
तिने मला हलवून उठवलं.
पॉलिश न झालेला तंबोरा आडवा ठेवला होता,
भोपळ्याला चिकटवलेला तिचा छोटा स्पीकर.
माझा पंजा धरून वर ठेवला.
यात आहे, म्हणाली, बघा.

आधी जहाजाची गुरगुर, आमच्या मालगाडीसारखीच.
ती गेली.
मग लाकडाच्या आतून
कुणीतरी लांब श्वासावर खर्ज ओढला,
सोडला, थांबला,
पुन्हा तोच.
तिसऱ्यांदा मी म्हटलं, थांब,
हा उतरलाय. श्रुतीभर.
तिने रेघ मोठी करून पाहिली.
उतरला होता.

आणि याला उत्तर?
अजून कुठल्या कार्डात आलेलं नाही.

पुढे परत जहाज. ती पुसणार तेवढ्यात
मी तिचा हात धरला:
आहे अजून. जहाजाच्या खाली आहे.
पडद्यावर तर नुसतं जहाज दिसतंय, अब्बा.
आहे म्हणतोय ना.
बराच वेळ वाद झाला,
बायको उठून दोघांनाही रागावली.

शेवटी सफुराने रकाना भरला.
आवाज: माहीत नाही.
शेरा: अब्बांच्या हाताला लागला.