जोडी

मकरपुऱ्यात एका बंद पडलेल्या पंप कारखान्याच्या लिलावात
हे यंत्र मिळालं. देवदत्त सबनीस पुढे, मी मागे,
मध्ये ते, बावीस किलो,
दांडिया बाजारापर्यंत स्कूटरवर.
ऊन असं की पत्र्याला हात लावून देत नव्हतं.
झाकण उघडलं तर आत शेजारी शेजारी दोन प्रोसेसर,
ज्याचा त्याचा पंखा, ज्याची त्याची रॅम.
"एक घर, दोन चुली," देवदत्त म्हणाला होता.

आता तो एडमंटनला असतो.
यंत्र माझ्याकडे.

बॉयलरच्या नळ्यांवरचा ताण मोजायचा म्हणजे
रात्री साडेनऊला गणित लावून द्यायचं,
सकाळी साडेसहाला दूधवाल्याबरोबर उत्तर.
मधले नऊ तास खोली तापत राहते.
जानेवारीत बरं वाटतं ते.
मे महिन्यात मी गॅलरीत झोपते
आणि आत कुणीतरी जात्यावर बसल्यासारखी घरघर.

परवा पार्टीचा फोन:
"वृंदाबेन, नव कलाक? बीजा तो बे कलाकमां आपे छे."

म्हणून सयाजीगंज. निमेशभाईंचं दुकान, अंधारा जिना चढून.
त्यांनी एक पारदर्शक डबी काउंटरवर ठेवली,
सोनाराने ठेवावी तशी.
आत दोन. कुठल्याशा सर्व्हरमधून काढलेले,
आठ-आठ कोअरचे. अकरा हजार पाचशे.
मी विचारलं, आत्ता एकच नेला तर?
दुसरा पुढच्या बिलावर?
"ए नई चाले, बेन. जोडी एटले जोडी.
एक नवो ने एक जूनो मूको, तो चालू ज नई थाय."

हे मला माहीत होतं.
तरी माणूस विचारून बघतो.

शनिवारपर्यंत राखून ठेवतो म्हणाले.

मग रात्री पाटावर कागद घेऊन हिशेब.
अकरा हजार पाचशे म्हणजे ऑफिसचं दोन महिन्यांचं भाडं.
बायॉस बदलताना वीज गेली तर बोर्डच जाणार.
आणि नवं अख्खं यंत्र म्हणजे,
जाऊ दे, तो आकडा मी लिहिलाच नाही.
पडद्यावर आठ चौकोनांचा आलेख चालू होता.
चार चौकोन काठोकाठ हिरवे.
चार सपाट.
अकरा वाजता सपाट, दीडला सपाट.
इतकी वर्षं मी पंख्यांचा आवाज ऐकत आले,
आलेख कधी नीट पाहिलाच नव्हता.

लायसन्सचं पाकीट कपाटात सापडलं,
कोपऱ्यात देवदत्तचं तिरकं अक्षर:
"सध्या चार पुरे. दे."

म्हणजे दुसरा नुसता बसून होता.
वीज खात होता, तापत होता, पंखा फिरवत होता,
आणि काम त्याला कुणी दिलंच नव्हतं.
काढून टाकावा म्हटलं,
तर मॅन्युअल सांगतं, त्याच्याबरोबर
त्याच्या बाजूची रॅमही बंद पडेल.
अर्धी मेमरी त्याच्या हातात आहे.
मोठं गणित त्या अर्ध्याशिवाय मावत नाही.

दोन वाजता रन थांबवला, झाकण उघडलं.
पंख्याखालची पेस्ट वाळून
जुन्या चुन्यासारखी पोपडे धरलेली.
पहिल्याची खरवडली, स्पिरिटने पुसली,
तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली.
दुसऱ्याची लावताना हात थांबला.
मग त्यालाही लावली, तेवढीच.

पुढच्या रात्री सात तास पन्नास मिनिटं.
पार्टीला मी आठ सांगितले.
तिकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही,
मग, "सारूं."

आज शनिवार.
निमेशभाईंचं शटर आठला पडतं.
सव्वासातला स्कूटरची किल्ली हातात घेतली होती,
खाली उतरून सीटवरची धूळही पुसली.
मग देवदत्तला मेल लिहायला बसले,
की लायसन्स वाढवायचं तर सही दोघांची लागेल,
कागद अजून दोघांच्या नावावर आहेत.
तीनदा लिहिलं. एवढंच उरलं:
"चार पुरत नाहीत."

पाठवलं, तेव्हा साडेनऊ झाले होते.
गणित लावून दिलं.
चार हिरवे, चार सपाट,
आणि दोन्ही पंखे एका सुरात.