सादळ

निपाणीत, जुन्या स्टँडच्या मागं
तंबाखूच्या वखारीचं आता कलादालन झालंय.
दगडी भिंती त्याच, कौलं नवी.
जिथं बोदांची थप्पी आढ्याला टेकायची
तिथं बावीस चित्रं, प्रत्येकावर एक मंद दिवा.

आलेला माणूस आधी शिंकतो.
चुना तीनदा मारला, वास हटला नाही.
उद्घाटनाचे साहेबही शिंकले,
फीत कात्रीतच राहिली.

हौसाक्का दाराशी स्टुलावर.
निळी साडी, गळ्यात शिट्टी,
डोक्यावर पाटी : मुट्टबेडि. खाली इंग्रजीत तेच.
मराठीत सांगायला ती आहे : "हात नगा लावू."
चौदाव्या वर्षापासून याच फरशीवर
ती पानातून काड्या निवडत होती.
आपणहून सांगत नाही. विचारलं तर,
"व्हय, हितंच की."

मी इथला क्युरेटर. माझ्याकडं यंत्र आहे,
काडेपेटीएवढं, हवेतलं पाणी मोजणारं.
श्रावणातल्या एका सकाळी यंत्र म्हणालं, पन्नास.
म्हणजे उत्तम.
हौसाक्का म्हणाली, "सादळलंय."
"काय?"
"त्यो कोपरा. त्या बाईचा."

त्या बाईचा म्हणजे नऊ नंबर.
तैलरंग, चित्रकार अज्ञात,
चाळणीवर ओणवी बाई, चेहरा पदराआड.

तिनं आधी भिंतीला तळवा लावला.
मग माझ्याकडं न बघता
कॅनव्हासची कड धरली,
अंगठा आणि दोन बोटं,
पान चाचपावं तशी :
मोडतंय का, लवतंय का, चिकटतंय का.

मी ओरडायला हवं होतं.
पगार त्याचाच घेतो.

चित्र उतरवलं. पाठीला बुरशी,
राळ्याच्या दाण्याएवढी. नुकती धरलेली.

यंत्र दुरुस्तीला बेळगावला गेलं,
अजून आलेलं नाही.
रोज कुलूप काढलं की
ती भिंतीभिंतीनं हात फिरवत जाते,
मी मागं वही घेऊन.
रकाना आकड्यांचा आहे. मी लिहितो
ठीक. ठीक. खिडकी उघडा. ठीक.

काल संकेश्वरच्या शाळेची सहल आली.
एका पोरानं नऊ नंबरकडं बोट नेलं.
शिट्टी वाजली नाही.
तिनं त्याचं मनगट धरलं,
तळवा उलगडून चुन्याच्या भिंतीवर टेकवला,
"हितं लाव. गार लागतंय?"

पोरगं शिंकलं.