गोड हापशी

पऱ्हाटीच्या काड्या घरूनच नेल्या होत्या,
पोत्यात कोंबून, एसटीच्या मागच्या सीटखाली.
नाहीतरी धुऱ्यावर जाळणारच होते.
कुटल्या, चाळल्या,
चिमूटभर झिर्कोनियमचं मीठ टाकलं
आणि पोलादी डबीत कोंडून
रात्रभर भट्टीत ठेवल्या.
सकाळी निघालं
टपरीवर उरलेल्या चहासारखं काहीतरी.
"गाळ," सर म्हणाले, "आणि टॉर्च मार."
मारला.
चहा निळा झाला.
जवसाचं शेत सकाळी नऊच्या आत दिसतं
तसा निळा.

कण एवढे बारीक
की कापसाच्या एका तंतूच्या रुंदीत
तीन हजार सहज बसतील,
म्हणजे आमचं गाव आणि पलीकडचं पोड,
पाहुण्यांसकट.

सुट्टीत गावी आले. सात ठिकाणचं पाणी, सात नळ्या.
लाइट गेलेलीच होती, तरी वाकळ पांघरली.
आत मी, लेतुबाई, तिचा नातू जंगू
आणि किराणावाल्याचा नोटा तपासायचा टॉर्च.
नदी निळी. पाटलाची विहीर निळी.
पोडातला झिरा तर सगळ्यात निळा.
सातवी नळी
पेटलीच नाही.

शाळेजवळची हापशी.
गोड पाणी, डाळ चटकन गळते,
लग्नाच्या स्वयंपाकाला तिथूनच टाकी भरतात.

कसं सांगू? म्हटलं, मावशी,
या पाण्यात एक जण असतो,
तो धातूला फूस लावून नेतो,
मग कण नुसताच बसून राहतो अंधारात.
"हं," लेतुबाई म्हणाली. "म्हंजे जे इझलं ते वंगाळ."

टॉर्च हातातून निसटला.
जंगू हसत होता.
त्याचे दात निळसर पांढरे उजळले
आणि त्यांवर आडव्या काळ्या रेघा,
एकाखाली एक,
वहीच्या पानासारख्या.
लेतुबाईनं त्याची हनुवटी धरली, बराच वेळ पाहिलं.
"हे तं याच्या दातायनं कवाचंच लिवून ठेवलं, पोरी.
तू आता वाचून रायली."

मी ओठ मिटून घेतले.
"टॉर्च दे न मले," जंगू म्हणत होता, "अखीन एक डाव."

सकाळी सहालाच दांडा वाजायला लागला.
कर्र. कर्र.
लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन पोचले तर
रांगेत तिसरी
माझी आई,
कळशी विसळत.