ब बाजूचं शेवटचं

भूकंपाच्या पुढच्या उन्हाळ्यात
उदगिरात एकच गाणं होतं.
बाकीची होती, पण सुटीवर गेल्यासारखी.

'फिरकीचा तांब्या गं, कुनी नेला गं,'
देगलूर रोडला काळी-पिवळी सुटताना हेच,
सोडा-लिंबूच्या गाड्यावर हेच,
वरातीत खाजामियाँनं क्लॅरिनेटवर हेच धरलं
की घोडीसुद्धा ठेका चुकायची नाही.
स्टँडसमोरच्या माझ्या टपरीतून
दिवसाला पन्नास पन्नास कॅसेटी गेल्या.
माझ्या घरावरचा स्लॅब
त्या तांब्यातून ओतलाय,
हे मी कुणाला सांगत नाही.

कॅसेटवर फोटो भलत्याच बाईचा होता,
लाल शालू, नथ, पाठीमागं रंगवलेला धबधबा.
गाणारी होती अनुसया सूर्यतळ,
बालवाडीत खिचडी शिजवणारी.
कंपनीनं तिला पंधराशे रुपये दिले
नि एक नायलॉनचं पातळ.

दुसरी कॅसेट आली पोळ्याच्या सुमाराला.
मी तीस मागवल्या. सत्तावीस उरल्या.
त्यांच्या फिती माझ्या साडूनं नेल्या,
जोंधळ्यावर आडव्या ताणल्या.
वारं सुटलं की घुमायच्या, पाखरं उठायची.
तेवढीच वाजली ती.

परवा बाजाराच्या दिवशी एक बाई आली.
दुकानात आता मोबाइलची कव्हरं, चार्जर, काचा.
मी ओळखलं नाही, तिनं ओळख दिली नाही.
"तांब्याची कॅसेट हाय का?"
मावशी, ते गाणं मोबाइलवर मिळतं, फुकट.
"ते नको. ब बाजूचं शेवटचं."

तीस वर्षांत
ब बाजू मागणारं
पहिलं गिऱ्हाईक.

एक निघाली, दुकानात वाजवायची माझी स्वतःची.
डेकचा पट्टा ढिला झालेला, त्याला रबर लावलं,
फीत पेन्सिलीनं गुंडाळली.
ब बाजू स्वच्छ वाजत गेली,
पेटीत ठेवून विसरलेल्या
घडी न मोडलेल्या चादरीसारखी.
मग शेवटचं लागलं.

हे तिनं स्वतः जुळवलेलं.
धाकटी बहीण निजामाबादेला
बिड्या वळायला गेली, तिच्यावर.
'तेंदूच्या पानात बाई, वळलंस तुझं...'
आणि आवाज वाकला,
विहिरीत पडलेल्या माणसानं बोलावं तसा झाला,
मग पार बुडाला.

मी समजावलं. हे तरी मला येतं.
अ बाजूचं पहिलं गाणं जिथं असतं
ब चं शेवटचं तिथंच असतं,
एकाच फितीवर, शेजारी शेजारी, उलट्या तोंडानं.
तांब्या मागं-पुढं, मागं-पुढं करून
तेवढीच जागा मशीननं चावलीय.

ती काचेवर बोट फिरवत राहिली.
मग हसली. "म्हंजी माझ्याच गान्यानं
माझं गानं खाल्लं की."
तुम्हाला तर पाठ असेल, मी म्हणालो.
"तेवढंच आठवंना, म्हनून तर आले.
बहीन गेली दिवाळीत.
तिच्या सुना म्हन्ल्या, म्हना की ते एकदा."

पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच विहीर.
तिसऱ्यांदा तिनंच हात आडवा केला.
"किती झाले?"
आणि सवयीनं, देवाशपथ सवयीनं,
माझ्या तोंडून 'वीस' निघालं.
तिनं कनवटीची पिशवी सोडून
दहाच्या दोन नोटा मोजून दिल्या.

आता रात्री शटर अर्धं ओढून
मी तीच जागा लावतो.
दोन अक्षरांचा शब्द आहे, एवढं कळतं.
'नाव' बसतं.
'हसू' बसतं.
'वय' बसतं, जरा ओढून म्हटलं तर.

पुढच्या बाजाराला ती आली
तर वीस रुपये परत द्यायचेत,
आणि हे तीन शब्द.